खाली गाठ लागली तर मलम मागू नका, आधी दाखवा

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे, डी फार्म केलंय, आणि काउंटरमागं उभं राहून इतकी वर्षं एक गोष्ट बघतोय. पुरुषाला खाली, म्हणजे लिंगावर, वृषणात किंवा जांघेत, गाठ लागली की तो दवाखान्यात जायच्या आधी दुकानात येतो. तोही गर्दी असताना येत नाही, रात्री शटर अर्धं ओढायच्या वेळेस येतो, आधी उगाच एक ॲसिडिटीची गोळी मागतो, इकडंतिकडं बघतो आणि मग हळूच विचारतो, "भाऊ, गाठीवर लावाले काही हाय का?" कुठं आहे गाठ विचारलं की नजर खाली जाते आणि मला कळतं.

म्हणून एकदाच नीट लिहायचं ठरवलं. खालच्या गाठीवर लावायला मलम नसतं. म्हणजे काही गाठींना असतं पण ती गाठ कसली आहे हे मला काउंटरवरून कळत नाही आणि तुम्हालाही आरशात बघून कळणार नाही, आणि नेटवर फोटो बघत बसलात तर रात्रीची झोप जाते आणि हाती काहीच लागत नाही.

यातल्या बऱ्याच गाठी निरुपद्रवी असतात हे खरंय. पण सगळ्या नसतात. आणि कोणती कुठली हे ओळखायला पहिला प्रश्न विचारायचा तो गाठ किती मोठी किंवा दुखते का हा नाही, पहिला प्रश्न गाठ नेमकी कुठं आहे. कातडीत आहे का, पिशवीत पण गोटीपासून वेगळी आहे का, का गोटीतच आहे, का वर जांघेत. बोटानं चाचपलं तर बहुतेकदा इतकं समजतं. गोटी म्हणजे वृषण आणि पिशवी म्हणजे अंडकोष असं धरून पुढं वाचा, मी दोन्ही शब्द वापरीन.

कातडीतल्या गाठी आधी घेतो कारण दुकानात सगळ्यात जास्त लोक याच घेऊन येतात. केसाच्या मुळाशी पू होऊन करट उठतं, ते दुखतं, लाल असतं, विशेषतः रेझर फिरवल्यावर. पिळायचं नाही. शुगर असलेल्या माणसानं तर अजिबात वाट बघायची नाही कारण त्या भागातलं इन्फेक्शन शुगरवाल्यात फार वेगानं पसरतं, पिशवीची कातडी काळी पडायला लागली, ताप आला, वास यायला लागला तर ती जिवावरची गोष्ट आहे, रात्री दोन वाजता पण निघायचं. दुसरं म्हणजे पिशवीच्या कातडीत पांढरट, टणक, न दुखणाऱ्या छोट्या छोट्या गाठी येतात, कधी एक कधी बऱ्याच, त्या कातडीतल्या साध्या गाठी असतात, वर्षानुवर्षं राहतात, काही करत नाहीत, नकोशा वाटल्या तर सर्जन काढून देतो.

आणि अठरा-वीस वर्षांची पोरं येतात ती वेगळ्याच गोष्टीला घाबरलेली. लिंगाच्या टोकाच्या कडेनं ओळीनं बारीक दाणे दिसतात, किंवा कातडीवर पिवळसर ठिपके दिसतात. ही गाठ पण नाही आणि रोग पण नाही. बऱ्याच पुरुषांना असतं, कोणाला लागत नाही, कोणाकडून येत नाही. पण कुणी सांगितलेलं नसतं त्यामुळं पोरगा महिनोनमहिने मनात झुरतो, लग्न ठरलेलं असलं तर अजूनच. आणि मग भिंतीवरच्या, रेल्वेच्या डब्यातल्या "गुप्तरोग" वाल्या नंबरवर फोन लावतो आणि तिकडं त्याचे हजारो रुपये जातात. मला या गोष्टीची खरंच चीड येते, कारण पाच मिनिटात स्किनच्या डॉक्टरनं "हे नॉर्मल आहे बाळा" म्हटलं असतं तर विषय संपला असता.

खरजेबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात दुकानांचाही वाटा आहे. पिशवीवर आणि लिंगावर खाजणाऱ्या लालसर गाठी, रात्री खाज वाढते, घरात अजून कोणी तरी खाजवतंय, बोटांच्या बेचक्यात पण बारीक पुरळ आहे, तर ती बहुधा खरूज असते. लोक याला नायटा समजून ते तीन-तीन औषधं एकत्र केलेलं क्रीम घेऊन जातात ज्यात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसात खाज कमी होते, माणूस खुश, पुन्हा ट्यूब, पुन्हा ट्यूब. तिथली कातडी आधीच नाजूक, ती पातळ होते, जळजळते, आणि खरूज करणारा कातडीतला बारीक किडा मजेत राहतो. खरजेचं औषध म्हणजे पर्मेथ्रिन, मानेपासून पायापर्यंत सगळ्या अंगाला रात्रभर लावून ठेवायचं, आठवड्याभरानं परत एकदा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. कपडे चादरी गरम पाण्यात. आणि हे सगळं केल्यावर किडा मरतो पण त्या गाठी मात्र कित्येक आठवडे टिकू शकतात, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून पुन्हा पुन्हा चोपडत बसू नका. स्टेरॉइडचं क्रीम चिठ्ठीशिवाय मी देत नाही, लोक चिडतात, शेजारच्या दुकानात जातात, जाऊ दे.

संबंधातून येणाऱ्यांत दोन लक्षात ठेवा. चामखिळीसारखे खडबडीत वाढत जाणारे कोंब, ते एचपीव्ही नावाच्या व्हायरसचे असतात. आणि दुसरी एकच टणक जखम जी अजिबात दुखत नाही, ही सिफिलिसची असू शकते आणि ही फार फसवी कारण काही आठवड्यात आपोआप भरून येते. माणसाला वाटतं बरं झालं. रोग रक्तात तसाच असतो. रक्ताची व्हीडीआरएल टेस्ट साधी आहे, औषध पेनिसिलिनचं इंजेक्शन, जुनं आणि आजही चालणारं. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात यासाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं, तपासणी औषध फुकट, नाव गुप्त ठेवतात, आणि तिथल्या समुपदेशकाला हे रोजचंच असतं त्यामुळं कोणी तोंड वाकडं करत नाही. बायकोची किंवा जोडीदाराची पण तपासणी लागते, ते टाळून उपयोग नाही, तिकडून परत तुमच्याकडंच येतं.

लिंगाच्या मधल्या भागात आत कडक गाठोळी लागणं आणि ताठरल्यावर एका बाजूला वाक येणं हा वेगळा आजार, चाळिशी-पन्नाशीनंतर दिसतो, कॅन्सर नाही पण युरॉलॉजिस्टला दाखवायचा. मात्र पुढची कातडी मागं जात नाही, तिच्याखाली काही तरी कडक लागतंय, वास, पाणी, रक्त, आणि माणूस वयस्कर, तर तिथं लिंगाचा कॅन्सर आहे का हे बघावंच लागतं. आमच्याकडं म्हातारी माणसं हे सगळ्यात जास्त लपवतात. सून-नातवंडांच्या घरात सांगणार कोणाला. लवकर कळलं तर बऱ्याचदा लिंग वाचवून उपचार होतो, उशीर झाला तर कापावं लागतं आणि जांघेतल्या गाठींपर्यंत गेलेलं असतं.

आता पिशवीतल्या गाठी. आमच्या भागात गाठ म्हटलं की पहिलं नाव हायड्रोसिल, सरकारी कागदावर अंडवृद्धी. गोटीच्या भोवतीच्या आवरणात पाणी साठतं, पिशवी हळूहळू मोठी होत जाते, दुखत नाही, फक्त जड वाटतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावली तर पाणी असल्यामुळं लालसर उजेड आरपार दिसतो, डॉक्टर पण हेच करून बघतात. हायड्रोसिल कुठंही कोणालाही होतो, कधी मार लागून, कधी सुजेनंतर, कधी काहीच कारण नसताना. पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, वर्धा हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा, आणि हत्तीरोग म्हणजे फक्त सुजलेला पाय असं लोकांना वाटतं, पुरुषांमध्ये तो पिशवीत पण उतरतो. क्युलेक्स डास, घाण साचलेल्या पाण्यातला, हत्तीरोगाचा जंत एकाकडून दुसऱ्याकडं नेतो, जंत रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो आणि त्याची पिल्लं रात्री रक्तात येतात. आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्त घ्यायला येतात ती त्यामुळं, लोकांना वाटतं हे रात्रीचे काय फिरतात.

हत्तीरोगासाठी दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या गोळ्या, डीईसी आणि अल्बेंडाझोल, आणि काही जिल्ह्यांत त्यासोबत आयव्हरमेक्टिन, आमच्या इथं कित्येक जण आशाताईच्या हातातून घेतात आणि उशीखाली ठेवतात. "मले काही झालं नाही तं गोळी कायले खाऊ?" झालं नाही म्हणूनच खायची, बाबा. जंत असला तर तो रक्तातून पुढं जाऊ नये म्हणून आहे ती. गरोदर बाई, अगदी लहान मूल आणि फार आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांनी त्यांच्यासमोर गिळावी. पण एकदा पिशवी मोठी झाली की ती गोळीनं लहान होत नाही. ऑपरेशनच लागतं, छोटं असतं, सरकारी दवाखान्यात फुकट होतं, कमरेत इंजेक्शन देऊन करतात. सुईनं पाणी काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडं जाऊ नका, पाणी परत भरतं आणि सुईतून पू व्हायचा धोका वेगळा. मी असे शेतकरी बघितलेत ज्यांनी धोतराआड हे ओझं आयुष्यभर वागवलं, सायकल सोडली, लग्नाकार्यात जाणं सोडलं, आणि ऑपरेशननंतर म्हणाले आधी कोणी सांगितलं असतं तर. मला वाईट वाटतं ते याचं.

एक मात्र, पंचविशीतल्या पोराला अचानक हायड्रोसिल झाला तर टॉर्च लावून समाधान मानायचं नाही. कधी कधी आत गोटीत गाठ असते आणि पाणी तिच्याभोवती जमलेलं असतं, बाहेरून फक्त पाणीच दिसतं. सोनोग्राफी हवीच.

व्हेरिकोसील म्हणजे गोटीच्या वरच्या शिरा फुगतात, बोटाला गुंतलेल्या मऊ दोऱ्या लागतात, उभं राहिलं की जास्त आणि झोपलं की कमी. शंभरात साधारण १५ पुरुषांना असतं आणि बहुतेकदा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर सरळ वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागं तुंबतं. बऱ्याच जणांना काही त्रास नसतो. मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर कळतं. पण फक्त उजव्या बाजूला झालं, किंवा उतारवयात अचानक झालं, किंवा झोपल्यावर पण शिरा रिकाम्या होत नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी करून किडनीला काही आहे का बघतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

गोटीच्या मागं-वर एक वेगळीच गुळगुळीत गाठ, गोटीपासून सुटी, हलते, दुखत नाही, ती बहुधा पाण्याची किंवा वीर्याची छोटी थैली, राहू देतात. आणि गोटीच्या मागच्या अंगाला एक मऊ वळकटी असते ती मुळात सगळ्यांनाच असते, वीर्य साठवणारी नळी आहे ती, पहिल्यांदा चाचपणारे निम्मे लोक तिलाच गाठ समजून घाबरतात. दोन्ही बाजूला सारखी लागत असेल तर ती तुमची स्वतःचीच आहे.

खोकलं की जांघेत फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो, तो अंतर्गळ म्हणजे हर्निया. पोती उचलणारे, जुना खोकला असणारे, लघवीला जोर करावा लागणारे म्हातारे. पट्टा बांधून दिवस काढतात लोक. एखाद्या दिवशी फुगवटा आत जायचा बंद झाला, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या तर आतडं अडकलंय, त्याच क्षणी हॉस्पिटल. पायाला जखम असली, अनवाणी शेतात चालून काटा रुतला तरी जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली गाठ सुजते, ते पायाची जखम बरी झाली की उतरतं. उतरलं नाही, वाढत गेलं तर दाखवा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. गाठ गोटीतच आहे, कडक आहे, दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो आणि नेमकं हेच उलटं आहे. वृषणाचा कॅन्सर तसा आपल्याकडं कमी, पण तो म्हाताऱ्यांचा नाही, १५ ते ३५ या वयातला. क्रिकेट खेळणारी, भरती द्यायला पळणारी, आत्ताच लग्न झालेली पोरं. हरभऱ्याएवढी गाठ, किंवा नुसतीच एक गोटी जड झाल्यासारखी, पोटाच्या खाली ओढल्यासारखं. लहानपणी ज्याची गोटी पिशवीत उतरली नव्हती त्याला धोका जास्त, ऑपरेशन झालेलं असलं तरी थोडा राहतोच, म्हणून आईबापांनो, बाळाच्या पिशवीत दोन्ही गोट्या आहेत का हे बघा, सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा, दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.

आणि हे ऐकून हातपाय गाळायचं काहीच कारण नाही, कारण सगळ्या कॅन्सरमध्ये सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांतला हा एक. १९७४ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न या डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दुसऱ्या दोन औषधांबरोबर द्यायला सुरुवात केली, त्याआधी हा रोग अंगभर पसरला की तरणीताठी पोरं जायची. आज पसरलेला असला तरी बहुतेक जण बरे होतात आणि गोटीपुरताच असला तर जवळपास सगळेच. औषध दुकानदार म्हणून मला या सिस्प्लॅटिनबद्दल फार आदर आहे, आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे ते. युवराज सिंगला २०११ च्या वर्ल्ड कपनंतर छातीत गाठ निघाली ना, ती छातीत होती पण जात हीच, सेमिनोमा, केमो अमेरिकेत झाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो परत भारताकडून खेळला.

तपासणी काय होते तर पिशवीची डॉपलर सोनोग्राफी, वरून जेल लावून, दुखत नाही, पाच-दहा मिनिटं. पाणी आहे का भरीव आहे, गोटीत आहे का बाहेर, हे सगळं त्यात दिसतं. भरीव निघाली तर रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या कॅन्सरच्या खुणा बघतात. आणि इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, अशा गाठीत सुई टोचून तुकडा काढत नाहीत आणि पिशवीला चीर देत नाहीत, त्यानं रोग नव्या वाटेनं पसरू शकतो. जांघेतून चीर देऊन पूर्ण गोटी काढतात आणि मग तपासायला पाठवतात. कोणी घाईनं पिशवीवरूनच सुई टोचतो किंवा कापतो म्हणाला तर थांबा, दुसऱ्या सर्जनला विचारा.

दुखणारी गाठ वेगळी. हळूहळू एक-दोन दिवसात सूज, ताप, लघवीला जळजळ, तर बहुधा इन्फेक्शन, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो, तोही डॉक्टर ठरवेल तो. तो कोर्स करून पण सूज कडकच राहिली, आठवडे गेले, पिशवीला भोक पडून पाणी यायला लागलं, वजन उतरतंय, तर टीबी. होय, तिथं पण होतो टीबी, आपल्या देशात विसरून चालत नाही, औषध सरकारी फुकट.

पण १२ ते १८ वयाच्या पोराला अचानक, झोपेतून उठवेल इतकं दुखायला लागलं, एक गोटी वर चढल्यासारखी, मळमळ, उलटी, तर वृषणाला पीळ पडलाय असंच धरायचं. रक्तपुरवठा बंद होतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोटी बहुतेकदा वाचते, नंतर प्रत्येक तासाला शक्यता कमी. पोरं लाजून "पोटात दुखतंय" म्हणतात, आई ओवा-हिंग देते, बाप सकाळी बघू म्हणतो, सकाळ होईपर्यंत गोटी मेलेली असते. आईबापांनी पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराला स्पष्ट विचारायचं, खाली दुखतंय का. शाळेतल्या सरांनी पण. पेनकिलर घ्यायला माझ्याकडं असा बाप आला तर मी गोळी देत नाही, गाडी काढा म्हणतो.

स्वतः कसं बघायचं तर महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, पिशवी सैल असते तेव्हा एकेक गोटी अंगठा आणि बोटांमध्ये हळूच फिरवायची. एक थोडी खाली, एक थोडी मोठी असणं नॉर्मल. आपली नेहमीची कशी आहे हे हाताला माहीत असलं की बदल लगेच कळतो.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ते छोट्या गावात अगदी खरं आहे, डॉक्टर ओळखीचा, कंपाउंडर चुलतभाऊ, सिस्टर बायकोची मैत्रीण. मग शेजारच्या तालुक्याला जा ना. नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत जा, तिथं ओपीडीत इतकी गर्दी की तुम्हाला कोण ओळखतंय. कातडीवर असेल तर स्किन ओपीडी, आत असेल तर सर्जरी ओपीडी, युरॉलॉजिस्ट असला तर उत्तम पण त्याच्यासाठी थांबून राहू नका, साधा सर्जन पण हे बघतो. केसपेपरच्या खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही, "सर्जनला दाखवायचंय" एवढं पुरे. आत गेल्यावर मात्र गोल गोल बोलू नका. "डाव्या गोटीवर गाठ लागतेय, महिना झाला, दुखत नाही, वाढतेय." एवढं एक वाक्य घरून ठरवून जा, बाकी डॉक्टर विचारतो. जमलं तर बायकोला सांगून जा, बऱ्याचदा गाठ तिच्याच लक्षात आलेली असते आणि ती पण बोलायला बिचकत असते.

आणि जो प्रश्न सगळे शेवटी दारात उभं राहून विचारतात तो, एक गोटी काढली तर पोरं होतील का, मर्दानगी जाईल का. दुसरी नीट असेल तर एकच गोटी पुरते, हार्मोनला पण आणि मुलांना पण, दाढी आवाज संबंध यात फरक पडत नाही. केमो लागणार असेल तर आधी वीर्य साठवून ठेवता येतं, स्पर्म बँकेत, ते केमो सुरू व्हायच्या आधी करावं लागतं म्हणून डॉक्टरनं नाही काढला विषय तर तुम्ही काढा. पोकळ दिसू नये म्हणून सिलिकॉनची गोटी पण बसवतात, ज्याला हवी त्याला.